कोरियाटाऊनमधला कोरिया कुठे सापडतो?

लॉस एंजेलिसमध्ये ऑलिम्पिक बुलेव्हार्ड आणि नॉर्मंडी ॲव्हेन्यू हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तो चौक कोरियाटाऊनचं हृदय मानला जातो. कोरिया बघायला म्हणून तिथे आलेला माणूस आधी गोंधळतो. कोपऱ्यावर रंगीत लाकडी मंडप आहे, तो अस्सल कोरियन. पण त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर एक बैठी इमारत आहे. तिचं छप्पर कोरियन राजवाड्यासारखं, कडांना वर वळलेलं, भिंती मात्र भडक नारिंगी, आणि आत मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातलं जेवण मिळतं. जवळच्या बागेचं नाव सोल इंटरनॅशनल पार्क, आणि आजूबाजूला राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतले.

मग हे कोरियाटाऊन कसलं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. जुन्या देवळांच्या किंवा किल्ल्यांच्या गावात वास्तू जागेवर असते आणि तिची गोष्टही तिथेच असते. स्थलांतरितांच्या वस्तीत तसं नसतं. इथल्या वास्तू हात बदलत राहतात, त्यामुळे त्यांच्याकडे बघताना ‘ही कोणत्या शैलीतली?’ यापेक्षा ‘ही आधी कोणाची होती, नंतर कोणाची झाली, आणि हिला नाव कोणी दिलं?’ हे विचारलेलं बरं. एवढं विचारत गेलं की ही वस्ती उलगडायला लागते.

पहिली गंमत अशी की, इथल्या कोरियन लोकांचा सगळ्यात जुना वारसा कोरियाटाऊनमध्ये नाहीच. तो दक्षिणेला काही किलोमीटरवर, जेफरसन बुलेव्हार्डच्या आसपास आहे. पर्यटक तिकडे क्वचित फिरकतात. खरं तर सुरुवात तिथून करायला हवी.

जानेवारी १९०३ मध्ये ‘गेलिक’ नावाच्या जहाजातून शंभरएक कोरियन माणसं होनोलुलूला उतरली. हवाईतल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. पुढच्या दोन-अडीच वर्षांत सुमारे सात हजार कोरियन तिथे गेले आणि त्यातले काही पुढे कॅलिफोर्नियात आले. तेवढ्यात मागे देशच हातचा जायला लागला. १९०५ मध्ये जपानने कोरियाला आपल्या ‘संरक्षणाखाली’ घेतलं आणि १९१० मध्ये सरळ गिळंकृत केलं. परदेशात राबणारी ही माणसं कागदोपत्री एकाएकी जपानची प्रजा ठरली.

हे त्यांना किती झोंबत होतं, ते १९१३ च्या एका घटनेवरून कळतं. कॅलिफोर्नियातल्या हेमेट गावात जर्दाळू तोडायला गेलेल्या कोरियन मजुरांना जमावाने जपानी समजून हुसकावून लावलं. जपानी वकिलातीने लगेच ‘आम्ही तुमच्यासाठी भरपाई मागतो’ म्हणून हात पुढे केला. कोरियन नॅशनल असोसिएशन या संघटनेने तो झिडकारला आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना तार केली: आम्ही जपानचे नागरिक नाही, आमच्या भानगडीत जपानला घेऊ नका. ब्रायन यांनी ते मान्य केलं आणि कोरियन लोकांच्या बाबतीत याच संघटनेशी बोलायचं ठरवलं. ज्या लोकांना देश उरला नव्हता, त्यांची एक संघटना परदेशात जवळपास सरकारासारखी वागायला लागली. ती सभासदांकडून वर्गणी गोळा करी, वर्तमानपत्र काढी आणि स्वातंत्र्यलढ्याला पैसे पाठवी.

या संघटनेची इमारत जेफरसन बुलेव्हार्डवर आजही आहे. बाहेरून साधी, दोन मिनिटांत बघून होईल अशी. १९९१ मध्ये शहराने तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. २००३ मध्ये दुरुस्ती चालू असताना पोटमाळ्यावर हजारो जुने कागद सापडले: पत्रं, पावत्या, सभांचे वृत्तांत. म्हणजे एवढी वर्षं लढ्याचं दप्तर लोकांच्या डोक्यावरच पडून होतं.

तिथून जवळच, कॅटालिना स्ट्रीटवर, लाकडी घरासारखी दिसणारी आणखी एक वास्तू आहे. ‘हुंगसादान’ या संस्थेचं हे ठाणं. आन चांग-हो यांनी ही संस्था १९१३ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काढली, पुढे ती लॉस एंजेलिसला आली. आन यांना कोरियन लोक ‘दोसान’ या त्यांच्या टोपणनावाने ओळखतात. रिव्हरसाइड गावात संत्र्यांच्या बागांत राबणाऱ्या कोरियन मजुरांमध्ये त्यांनी काम केलं. आधी माणूस घडवायचा, मग स्वातंत्र्य टिकेल, असा त्यांचा विचार होता. संत्रं तोडायचं तर तेही नीट तोडा, त्यातही देशसेवा आहे, असं ते मजुरांना सांगत.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. त्याच १९१३ साली, त्याच सॅन फ्रान्सिस्कोमधून नोव्हेंबरमध्ये परदेशस्थ भारतीय क्रांतिकारकांच्या ‘गदर’ या पत्राचा पहिला अंक निघाला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीच्या आघाडीवर होते आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे तिच्यासाठी १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन गुलाम देशांची माणसं आपापल्या घरचा लढा उभारत होती. मार्ग वेगळे होते: गदरवाल्यांना सशस्त्र उठाव करायचा होता, आन यांचा भर शिक्षणावर आणि चारित्र्यावर होता.

आन १९२६ मध्ये अमेरिका सोडून गेले ते परत आलेच नाहीत. १९३२ मध्ये शांघायला पकडले गेले, तुरुंगात खचले आणि १९३८ मध्ये वारले. त्यांचं कुटुंब लॉस एंजेलिसमध्येच राहिलं. ज्या घराला आज ‘आन यांचं घर’ म्हणतात, तिथे बायको-मुलं राहायला गेली १९३७ मध्ये; म्हणजे स्वतः आन त्या घरात कधी राहिलेच नाहीत. ते घर आता मूळ जागेवरही नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने ते उचलून आपल्या आवारात नेलं आणि तिथे कोरियन अभ्यासकेंद्र थाटलं. हात बदलण्याबरोबर जागा बदलण्याचीही ही गोष्ट. थोरला मुलगा फिलिप हॉलिवूडमध्ये नट झाला. ज्या जपानने वडिलांना तुरुंगात टाकलं, त्याच जपानच्या दुष्ट सेनाधिकाऱ्यांच्या भूमिका त्याला महायुद्धाच्या काळातल्या सिनेमांत पुन्हापुन्हा कराव्या लागल्या. मुलगी सुझन १९४२ मध्ये अमेरिकी नौदलात गेली आणि तोफमाऱ्याचं शिक्षण देणारी अधिकारी झाली.

हुंगसादानची इमारत मधल्या काळात बांधकाम व्यावसायिकांच्या हाती जाऊन पाडली जाण्याच्या बेतात होती. शेवटी २०२३ मध्ये कोरियाच्या सरकारने ती विकत घेतली. दुसऱ्या देशातलं एक लाकडी घर सरकारने का घ्यावं, हे आधीची गोष्ट माहीत असेल तरच समजतं.

पण ही सगळी मंडळी जेफरसनच्या भागातच का राहिली? आवडीने नव्हे. त्या काळी शहरातल्या अनेक वस्त्यांच्या खरेदीखतांत ‘हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये’ अशी कलमं असायची. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं न्यायालयांतून लागू करता येणार नाहीत असं ठरवलं. तोवर बिगरगोऱ्यांना शहराचे ठरावीक तुकडेच मोकळे होते. आजचं कोरियाटाऊन ज्या विल्शर बुलेव्हार्डच्या आजूबाजूला आहे, तो तर तेव्हा बड्या लोकांचा भाग होता. आलिशान हॉटेलं, नाइटक्लब, सिनेमानट यांचा.

दोन गोष्टींनी चित्र पालटलं. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियाई लोकांवरची जुनी बंधनं उठली. (भारतातून गेलेल्या डॉक्टर-इंजिनियरांची पहिली मोठी लाटही याच कायद्याची.) आणि त्याच सुमाराला श्रीमंत गोरे लोक विल्शर सोडून उपनगरांत जायला लागले, दुकानं रिकामी पडली, भाडी उतरली. नव्याने येणाऱ्या कोरियन लोकांना स्वस्त जागा हवी होती. ती इथे मिळाली.

या नव्या पर्वातलं ठळक नाव ही डुक ली. साठच्या दशकात दक्षिण कोरिया आपली माणसं पश्चिम जर्मनीच्या खाणींत कामाला पाठवत असे. ली त्यांतले एक. जर्मनीहून ते लॉस एंजेलिसला आले आणि १९७१ मध्ये ऑलिम्पिक बुलेव्हार्डवर ‘ऑलिम्पिक मार्केट’ हे किराणा दुकान काढलं. किमची (आंबवलेल्या भाज्यांचं तिखट लोणचं), वाळवलेली मासळी, गोचुजांग (मिरचीची आंबवलेली पेस्ट) असं सगळं एका छपराखाली मिळायला लागल्यावर गिऱ्हाईक लांबून गाडी हाकत यायला लागलं. दुकानाभोवती दुकानं उगवली. १९७५ मध्ये ली यांनी ‘व्हीआयपी पॅलेस’ हे रेस्टॉरंट बांधलं. त्यासाठी निळी कौलं थेट कोरियातून मागवली. ही वस्ती आपली आहे, हे लांबूनच दिसावं म्हणून.

सुरुवातीला सांगितलेली नारिंगी भिंतींची इमारत ती हीच. व्हीआयपी पॅलेस गेलं, आता तिथे ‘गेलागेत्सा’ आहे, वाहाकातून आलेल्या एका कुटुंबाचं. त्यांच्या मोले या घट्ट, काळसर रश्शाची कीर्ती एवढी, की २०१५ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. काहींना यात कोरियन वारसा पुसला गेल्याचं वाटतं. मला तसं वाटत नाही. कोरियन माणसाने बांधलेल्या घरात दुसरं स्थलांतरित कुटुंब वर आलं, हे या वस्तीच्या स्वभावाला धरूनच आहे.

या दुकानांना भांडवल कुठून आलं? नव्या आलेल्या, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला अमेरिकी बँक दारात उभं करत नव्हती. उत्तर आपल्याला ओळखीचं आहे: भिशी. कोरियन लोक तिला ‘गे’ म्हणतात. ओळखीतली माणसं दर महिन्याला ठरावीक रक्कम घालतात आणि गोळा झालेली सगळी रक्कम पाळीपाळीने एकेकाला मिळते. तारण फक्त अब्रूचं. यातून लाँड्री, विगांची दुकानं आणि किराण्याची दुकानं उभी राहिली.

आता कोपऱ्यावरच्या त्या मंडपाकडे वळू. त्याचं नाव दाऊलजोंग, तो २००६ मध्ये पुरा झाला. कोरियातून सामान आणि कारागीर आणून उभारलेला. लहान आहे, पण नीट बघण्यासारखा आहे. छपराच्या खालच्या तुळया आणि आधाराचे लाकडी तुकडे पाहा. त्यांवर हिरवा, लाल, निळा, पिवळा, पांढरा अशा रंगांत फुलं आणि पट्टे काढलेले दिसतील. या रंगकामाला ‘दानचॉन्ग’ म्हणतात. ते नुसतं शोभेचं नसतं. लाकूड ऊन, पाऊस आणि किडीपासून वाचावं म्हणून राजवाड्यांना आणि बौद्ध मंदिरांना असा रंगाचा लेप देत. मुख्य पाच रंग पाच दिशांचे मानले जातात: निळा पूर्वेचा, पांढरा पश्चिमेचा, लाल दक्षिणेचा, काळा उत्तरेचा आणि पिवळा मधला. सामान्य माणसाच्या घराला असे रंग द्यायची जुन्या कोरियात परवानगी नव्हती. इथे मात्र सिग्नलला थांबलेल्या बसमधूनही ते दिसतात.

पर्यटनाच्या पुस्तकांत याच्या आधी ‘कोरियन मैत्रीघंटे’चा फोटो असतो. सतरा टनांची ती प्रचंड घंटा १९७६ मध्ये कोरियाच्या सरकारने भेट दिली. तिला आत लोलक नाही, बाहेरून लाकडी ओंडक्याने ठोकतात. सुंदर आहे यात शंकाच नाही. पण ती आहे पार बंदराजवळ, सॅन पेड्रोच्या टेकडीवर; कोरियाटाऊनशी तिचा संबंध नावापुरता. सरकारी भेट आणि वस्तीचा वारसा या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात.

उसन्या इमारतींचा मामला जास्त मजेशीर आहे. सहाव्या रस्त्यावरचं चॅपमन प्लाझा १९२९ चं, नक्षीदार स्पॅनिश धाटणीचं. मोटारी नुकत्याच घरोघर आल्या होत्या, म्हणून गाडी थेट आतल्या चौकात आणून बाजारहाट करता यावा अशी रचना केली. आज त्याच चौकाभोवती कोरियन बार्बेक्यूची हॉटेलं आहेत आणि रात्री मांसाच्या धुराचा वास रस्त्यापर्यंत येतो. विल्शरवर ‘ब्राउन डर्बी’ नावाचं टोपीच्या आकाराचं प्रसिद्ध हॉटेल होतं. त्याचा तो टोपीसारखा घुमट आता एका साध्या दुकानसंकुलाच्या डोक्यावर बसवलेला आहे. बघून हसू येतं.

आणि मग नावं. स्थलांतरितांकडे पुतळे उभारायला जागा कमी असते, म्हणून ते शाळांना आणि चौकांना नावं मिळवतात. नॉर्मंडीच्या याच चौकाला सॅमी ली यांचं नाव आहे. कोरियन स्थलांतरितांचा हा मुलगा १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये उंच फळीवरून सूर मारून सुवर्णपदकं घेऊन आला. लहानपणी पॅसाडीनाच्या तलावात बिगरगोऱ्यांना आठवड्यातून एकच दिवस पोहायला मिळे, म्हणून इतर दिवशी तो वाळूच्या खड्ड्यात उड्या मारून सराव करी. जवळच एका शाळेला कर्नल यंग ओक किम यांचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांना जपानी वंशाच्या सैनिकांच्या तुकडीवर नेमलं. कोरियन आणि जपानी यांचं पटायचं नाही म्हणून बदली देऊ केली, तर त्यांनी ती नाकारली: इथे सगळे अमेरिकनच आहेत. सहाव्या रस्त्यावरच्या टपाल कचेरीला आन चांग-हो यांचं नाव आहे आणि शहराच्या मध्याजवळ दोन महामार्ग मिळतात त्या गुंतागुंतीच्या उड्डाणपुलालाही. रोज त्यावर अडकून पडणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

सोल इंटरनॅशनल पार्कमध्ये मात्र जरा वेळ काढावा. १९७४ पासून चालत आलेल्या कोरियन महोत्सवाशी या बागेचं नाव जोडलेलं आहेच, पण १९९२ ची आठवणही इथेच आहे. रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांना ज्यूरीने जवळपास पूर्ण सोडून दिलं, त्या दिवशी, २९ एप्रिलला, शहर पेटलं. कोरियन लोक त्या दंगलीला नुसत्या तारखेने ओळखतात: ‘सा-ई-गू’, चार-दोन-नऊ. साठाहून जास्त माणसं मेली. कोरियन मालकांची दोन हजारांवर दुकानं लुटली किंवा जाळली गेली, नुकसान सुमारे ४० कोटी डॉलर.

राग पोलिसांवर आणि न्यायालयावर होता, मग जळली कोरियन दुकानं का? स्वस्तात मिळतात म्हणून कोरियन लोकांनी दक्षिण लॉस एंजेलिसच्या गरीब, काळ्या वस्त्यांत किराण्याची आणि दारूची दुकानं घेतली होती. काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे संशय साचत गेला. मार्च १९९१ मध्ये संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून बाचाबाची झाली आणि लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला एका कोरियन दुकानदारणीने गोळी घालून मारलं. न्यायालयाने तुरुंगवास न देता प्रोबेशनवर सोडलं. ही जखम ताजी असतानाच किंगचा निकाल आला. पोलीस मागे हटले. कोरियाटाऊनमध्ये दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर बसले आणि रेडिओ कोरिया कोणत्या चौकात मदत हवी ते सांगत राहिला. ती छपरांवरची छायाचित्रं जगभर गेली. त्या मानाने २ मेचं दृश्य कोणाला फारसं आठवत नाही: याच बागेतून, तेव्हा तिचं नाव आर्डमोर पार्क होतं, सुमारे तीस हजार लोक शांतता मोर्चाला निघाले. त्यांत बहुतेक कोरियन, पण काळे, लॅटिनो आणि गोरेही होते. इथल्या नव्या पिढीचं राजकीय भान या आठवड्यात घडलं, असं कोरियन अमेरिकन लेखक-अभ्यासक वारंवार सांगतात.

जुनी जखम आणखी एका भिंतीवर दिसते. विल्शरवर जिथे अँबॅसेडर हॉटेल होतं आणि १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे आता त्यांच्याच नावाच्या शाळा आहेत. एका भिंतीवर २०१६ मध्ये चित्रकाराने नटी आवा गार्डनरचा चेहरा काढला, मागे सूर्यकिरणांसारखे निळे-नारिंगी पट्टे. काही कोरियन रहिवाशांना त्यात जपानी सैन्याचा उगवत्या सूर्याचा झेंडा दिसला. २०१८ मध्ये शाळा प्रशासनाने चित्र पुसायचं ठरवलं, तर दुसरे कलाकार चिडले. ‘हे पुसलंत तर माझंही चित्र उतरवा’ असं याच शाळांच्या आवारात चित्र असलेल्या शेपर्ड फेअरी यांनी बजावलं आणि निर्णय लांबणीवर पडला. चित्रकाराच्या मनात जपान नव्हता, हे मानायला हरकत नाही. पण रोज त्या भिंतीवरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईबापांची आजी १९१० ते १९४५ च्या कोरियात वाढली असेल, तर तिच्या घरात त्या पट्ट्यांना एकच अर्थ आहे.

राहता राहिली हद्द. शहराने कोरियाटाऊनच्या पाट्या १९८० च्या सुमाराला लावल्या, पण त्याची नेमकी सीमा कोणी आखलीच नव्हती. २००८ मध्ये बांगलादेशी रहिवाशांनी याच भागातला तुकडा ‘लिटल बांगलादेश’ म्हणून मागितला, तेव्हा कोरियन पुढारी खडबडून जागे झाले आणि त्यांनी आपलाही अर्ज दिला. २०१० मध्ये महापालिकेने दोघांचं ठरवून टाकलं. कोरियाटाऊनला मोठा पट्टा मिळाला, तर तिसऱ्या रस्त्यावरचे अलेक्झांड्रियापासून न्यू हॅम्पशायरपर्यंतचे थोडे चौक बांगलादेशला. गुलाबजाम हवा असेल तर तिथे जावं.

स्वतः जायचं असेल तर क्रम असा ठेवा. मेट्रोच्या ई मार्गावर एक्स्पो-व्हर्माँट स्थानकाला उतरून आधी कॅटालिना स्ट्रीट आणि जेफरसन बघा. आत जायचं असेल तर वेळा आधी विचारून घ्या. मग व्हर्माँटवरून उत्तरेला जाणारी बस धरून ऑलिम्पिकला या, मंडप, बाग आणि नारिंगी भिंतींची इमारत पायी होतील. उजेड असेपर्यंत विल्शर उरकून जेवायला चॅपमन प्लाझाला पोचा. तिथे ‘एलए गाल्बी’ मागवा: बरगड्यांना समांतर न कापता आडवे काप केलेलं मांस, प्रत्येक पट्टीत हाडाचे दोन-तीन गोल तुकडे. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी रश्श्यात आणि किमचीत मासळी आहे का ते विचारा, बहुतेक वेळा असतेच.